कॅमेरा कोणता?

एखाद्याने काढलेला चांगला फोटो चारचौघांत फिरू लागला, की कौतुकाचे दोन शब्द बोलून होतात न होतात तोच प्रश्न येतो, ‘कॅमेरा कोणता?’ यावर छायाचित्रकार मंडळींचे एक ठरलेले उत्तर आहे. जेवण फक्कड झाले म्हणून कोणी ‘कढई कोणती’ असे विचारते का? उत्तर टाळ्या घेणारे आहे. पण पातळ पत्र्याच्या तव्यावर ज्याने कधी धिरडे घालून पाहिले असेल, त्याला त्यातली खोट लगेच कळेल. कडा करपतात, मधला भाग कच्चा राहतो, उलथन्याला फक्त तुकडे येतात आणि हाताची चव बाजूलाच राहते. सुगरणी तव्याची चौकशी करतात, चांगली बारकाईने करतात. तेव्हा साधनाला काही किंमतच नाही, हे म्हणणे मला पटत नाही. दर दोन वर्षांनी नवी बॉडी, म्हणजे लेन्सवाचूनचा कॅमेरा, घेऊन जुनेच फोटो पुन्हा काढणारेही मला पाहवत नाहीत. मला विचाराल तर कॅमेऱ्याच्या आधी अंतराची चौकशी करावी. ज्याचा फोटो काढायचा आहे, त्याच्याजवळ आपल्याला चालत जाता येते का? नाशिकमध्ये राहणाऱ्याला या प्रश्नाची दोन्ही टोके सहज पाहायला मिळतात, कारण त्याच गोदावरीच्या काठी एकीकडे रामकुंड आहे आणि दुसरीकडे नांदूरमध्यमेश्वर.

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ, बंधाऱ्यामुळे साठलेल्या उथळ पाण्यावर, नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी अभयारण्य आहे. महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून २०२० साली त्याची घोषणा झाली, आणि हल्ली हिवाळ्यातल्या रविवारी चापडगावच्या बाजूला ट्रायपॉड उभा करायला जागा शोधावी लागते. इथे पाण्यात उतरायला मनाई आहे आणि उतरलो तरी पक्षी थांबणार नाहीत, म्हणजे अंतर कायमचे ठरलेले. समजा, सव्वा मीटर उंचीचा रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, आपल्यापासून १०० मीटरवर उभा आहे. फुल फ्रेम कॅमेऱ्याच्या सेन्सरची, म्हणजे ज्यावर प्रतिमा पडते त्या पट्टीची, उंची २४ मिलिमीटर असते. ५० मिलिमीटरच्या लेन्सने त्यावर या पक्ष्याची प्रतिमा पडते ती जेमतेम ०.६ मिलिमीटर, ६०० मिलिमीटरच्या लेन्सने तीच साडेसात मिलिमीटर होते. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा धरला, तर पहिला रोहित सुमारे १०० पिक्सेल उंच आणि दुसरा १२०० च्या वर. मोबाइलच्या मुख्य लेन्सची तर गोष्टच सोडा. कला, दृष्टी, वर्षानुवर्षांचा रियाज, यांतले काहीही त्या शंभराचे बाराशे करू शकत नाही, आणि शंभर पिक्सेलांत रोहित कोणता आणि वाऱ्याने येऊन अडकलेली गुलाबी पिशवी कोणती, हे सांगणे कठीण असते. इथे साधन म्हणजे सर्व काही नसले तरी निम्म्याहून अधिक आहे, हे मोकळेपणाने मान्य करावे.

मात्र या साधनाच्या किमतीचा हिशेब सरळ रेषेत चालत नाही. १५० ते ६०० मिलिमीटरची झूम लेन्स साधारण लाखाच्या आसपास मिळते, आणि पूर्ण ताणल्यावर तिचे अ‍ॅपर्चर ६.३ असते. हा आकडा प्रकाश आत येण्याच्या भोकाचा; तो जितका लहान, तितके भोक मोठे. अ‍ॅपर्चर ४ असलेली ६०० मिलिमीटरची लेन्स घ्यायची, तर दहा लाखांच्या पुढे जावे लागते. तिच्यातून येणारा प्रकाश पहिलीच्या सुमारे अडीचपट असतो. दहापट पैसे आणि अडीचपट प्रकाश! व्यवहारी माणसाला हा सौदा वेडेपणाचा वाटेल. पण सूर्य उगवताना, शटर स्पीड १/१००० सेकंदाहून मंद ठेवला तर पंख हललेले येतात अशा वेळी, ती अडीचपटच फोटो आणि फोटोचा प्रयत्न यांच्यामध्ये उभी असते. ज्याला परवडते त्याने जरूर घ्यावी. ज्याला परवडत नाही, त्याने अर्धा तास थांबावे, ऊन वर येऊ द्यावे. उन्हाला पैसे पडत नाहीत.

गंमत अशी, की लाखाची असो वा दहा लाखांची, लेन्स रोखून बसलेल्या त्या रांगेत सर्वांत कमी फोटो फुकट घालवणारा माणूस बहुधा स्थानिक गाइड असतो, आणि त्याच्या हातात कॅमेरा नसून गळ्यात जुनी दुर्बीण असते. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उडतो, म्हणून वारा आपल्या पाठीशी ठेवून बसायचे, हे त्यानेच सांगावे. खुंटावर बसलेला भोवत्या हा शिकारी पक्षी शेपटी उचलून शिटला, की ‘साहेब, आता उडतोय’ असे तो हळूच म्हणतो. बटण दाबून ठेवावे, आणि पुष्कळदा पुढच्याच क्षणी पंख उघडलेले असतात. शिकारी पक्ष्यांची ही सवय जगभरच्या पक्षी निरीक्षकांना ठाऊक आहे. ती माहिती लेन्सच्या खोक्यात मिळत नाही; पण लेन्स नसेल तर त्या माहितीचाही फोटो होत नाही, हे तितकेच खरे.

आता हीच लांब लेन्स गळ्यात अडकवून रामकुंडावर या. दशक्रियेचे विधी सांगणारे गुरुजी, पाण्यातली नाणी शोधणारी पोरे, ओल्या लुगड्याचा पदर पिळणारी आजी, बुधवारच्या बाजारात घाटालगत पसरलेल्या भाजीच्या राशी, सारे काही चार पावलांवर आहे. तिथे ती तोफ बाहेर काढली की पहिला परिणाम फोटोवर होण्याआधी माणसांवर होतो. गुरुजी उपरणे सारखे करतात, पोरे दोन बोटे वर करून उभी राहतात, आजी पाठ फिरवते, आणि ‘पेपरवाले का हो?’ अशी चौकशी सुरू होते. ज्यासाठी आपण आलो, ते आपल्या साधनानेच उठवून लावलेले असते. होळकर पुलावर जाऊन लांबूनच टिपता येते, असे कोणी म्हणेल. टिपता येते, पण त्या फोटोत पुढची आजी आणि मागचा घाट एकमेकांना चिकटल्यासारखे सपाट दिसतात, कारण वस्तूंचे परस्परांतले लहानमोठेपण कॅमेरा कुठे उभा आहे यावर ठरते. दीड मीटरवर बसून ३५ मिलिमीटरने किंवा साध्या मोबाइलने काढलेल्या फोटोत तिचे पिळदार हात पुढे येतात, पायऱ्या मागे उतरत जातात आणि पाहणाऱ्याला आपण तिच्याशेजारी बसलो आहोत असे वाटते. ही जवळीक कोणत्याही दुकानात मिळत नाही. त्यासाठी आधी बसावे लागते, ‘आजी, कुठून आलात?’ असे विचारावे लागते आणि मिळालेला प्रसाद खावा लागतो.

फ्रान्सचे छायाचित्रकार हेन्री कार्टिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यातले बहुतेक काम लहानशा लायका कॅमेऱ्याने आणि ५० मिलिमीटरच्या लेन्सने केले, आणि कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीने झाकून ठेवले. कॅमेरा महत्त्वाचा होता म्हणूनच त्यांना तो लपवावासा वाटला, असे मला वाटते. पॅरिसमधल्या सेंट-लाझार स्थानकामागे साचलेल्या पाण्यावरून उडी घेणाऱ्या माणसाचा त्यांचा १९३२ सालचा फोटो कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीतून काढलेला आहे. उडी घेणारा माणूस हललेला आहे, आणि फळीचा भाग कडेला आल्यामुळे चौकट नंतर कापावी लागली. आजच्या कोणत्याही स्पर्धेत परीक्षकांनी ‘शार्पनेस कमी’ असा शेरा मारून तो बाजूला ठेवला असता, अशी मला दाट शंका आहे.

महाग साधनाचा आणखी एक गुण फारसा बोलला जात नाही: ते माणसाला भित्रे करते. रंगपंचमीला जुन्या नाशिकमधल्या रहाडी उघडतात, रंगाच्या पाण्याने भरलेल्या त्या पेशवेकालीन हौदांत लोक काठावरून ‘धप्पा’ मारतात, आणि दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्यांच्या अंगावर रंगाची भिंत येऊन आदळते. भर उन्हात प्रकाशाला तोटा नसतो, त्यामुळे कुठलाही कॅमेरा ती उडी गोठवू शकतो. प्रश्न असतो तो फक्त काठावर उभे राहण्याचा. दीड लाखाची बॉडी गळ्यात असलेले गृहस्थ समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर असतात. दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला, काच फुटलेला मोबाइल घेतलेला पोरगा काठावर असतो. कोणाचा फोटो पाहताना आपण नकळत मागे सरकतो, हे सांगायला नको.

अर्थात मोबाइलची आरती ओवाळण्याचे कारण नाही. त्रिपुरारी पौर्णिमेला घाटावर दिवे लागले, की मोबाइलचा नाइट मोड आपल्याला न विचारता अनेक फोटो पाठोपाठ काढून एकत्र करतो आणि काळोख उजळून टाकतो. पायऱ्यांचा दगड न् दगड दिसतो, आकाश निळे होते आणि दिव्यांचे पिवळे ठिपके बिचारे दुपारी लावल्यासारखे दिसतात. ज्या काळोखासाठी दिवे लावले, तोच यंत्राने पुसून टाकला. उपाय साधा आहे. पडद्यावर ज्योतीवर बोट टेकवावे, शेजारी सूर्याचे चिन्ह येते ते खाली ओढावे, आणि घाट अंधारात बुडेपर्यंत ओढत राहावे. त्याच मोबाइलवर, त्याच जागी, दोन सेकंदांत फोटो बदलतो. मेगापिक्सेलचे म्हणाल, तर ८ बाय १२ इंचांची उत्तम छपाई करायला पावणेनऊ मेगापिक्सेल पुरतात, आणि आपण तेवढ्याही कधी छापत नाही.

साधनासाठी सर्वस्व पणाला लावण्याचा अधिकार कोणाला असेल, तर तो दादासाहेब फाळक्यांना. जन्म त्र्यंबकेश्वरचा, १९४४ साली शेवटही नाशिकातच, आणि पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक. १९१२ साली विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले आणि हाताने फिरवायचा विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. त्या काळी त्या यंत्रावाचून चित्रपट काढणे शक्यच नव्हते. रोहिताच्या त्या १०० मीटरांसारखेच हे अंतर होते, आणि ते यंत्रानेच तुटणार होते. पण ते यंत्र घरी आल्यावर त्यांनी त्याच्यासमोर मांडली ती एक कुंडी. तिच्यात वाटाणा पेरला, ठरावीक वेळाने एकेक चौकट टिपत महिनाभर राहिले, आणि पडद्यावर मिनिटभरात कोंब फुटून वेल वर चढताना लोकांनी पाहिला. पैसे लावणाऱ्याला विश्वास वाटला तो त्या वाटाण्याने. पुढच्याच वर्षी त्यांचा पहिला कथापट आला. आज प्रत्येक मोबाइलमध्ये टाइमलॅप्सचे बटण आहे, आणि कुंड्या तर घरोघरी आहेत.

माझा भाचा नुकताच नोकरीला लागला. ‘मामा, ऐंशी हजारांत कोणता कॅमेरा बसेल?’ असे त्याने विचारले. ‘कशाचे फोटो काढणार?’ असे मी विचारल्यावर ‘सगळ्याचेच’ असे उत्तर आले. एम. जी. रोडवरच्या दुकानदारांना हे उत्तर फार आवडते. शेवटी आम्ही वापरलेली पण नीट ठेवलेली बॉडी घेतली आणि ५० मिलिमीटरची १.८ अ‍ॅपर्चरची नवी लेन्स, जी कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या किट लेन्सच्या ५.६ पेक्षा जवळपास दहापट प्रकाश आत घेते आणि तरीही सर्वांत स्वस्त लेन्सांपैकी एक आहे. बॉडी चार वर्षांत जुनी होते, चांगली काच बराच काळ साथ देते. लांब लेन्स तो नांदूरला जाताना दिवसाच्या भाड्याने आणतो.

पण २०२७ च्या सिंहस्थाने आमचे सगळे गणित उलटे केले आहे. पर्वणीच्या दिवशी घाटावर चार पावले चालणे दूर, कठड्यांच्या आत पाऊलही टाकता येणार नाही, म्हणजे माझ्या लाडक्या रामकुंडाचे नांदूर होणार. भाचा आताच ६०० मिलिमीटरच्या भाड्याची चौकशी करतो आहे. माझे मत असे, की पंचवटीत घाटाकडे तोंड असलेल्या एखाद्या जुन्या वाड्याची गच्ची मिळाली, तर २०० मिलिमीटरही भरपूर होईल. वाड्यांच्या मालकांपैकी कोणाशी आपली ओळख निघते का, याची विचारपूस मी नातेवाइकांत सुरू केली आहे.