मिनी पेलिया अपडेट: एकदाचा काप जमला!

मंडळी, मत्स्यटाकीसाठी दुकानात ‘मिनी पेलिया’ म्हणून मिळणारा, लाव्हा रॉकवरचा हा झुपका नेमका कुठल्या लिव्हरवर्टचा (शेवाळासारखी चपटी, लहान वनस्पती), याचा निकाल बराचसा लागलाय. ते पेलिया नाही हे आपल्याला ठाऊकच होतं. दुकानदार काही ते नाव सोडत नाहीत. मोनोसोलेनियम हा वेगळाच लिव्हरवर्ट, तोही कित्येक वर्षं ‘पेलिया’ म्हणूनच खपला.

रिक्सिया (पाण्यावर तरंगणारा लिव्हरवर्ट) आधीच बाद झाली होती. तिचं टोक दर वेळी सारखं दुभंगतं; याच्या फांद्या पिसासारख्या दोन्ही अंगांनी फुटतात. शिवाय सुटलेला तुकडा तळाशी बसतो, तरंगत नाही. म्हणजे वंश रिकार्डिया. पण त्यातली जात कुठली? तिथेच घोडं अडलं होतं.

मल्टिफिडा असेल तर कडेला एकाच थराच्या पेशींची रुंद, पारदर्शक झालर हवी. वरून बघून ती खात्रीने कळत नाही, आडवा काप लागतो. थॅलस (पानासारखा चपटा देह) जेमतेम १ मिमी रुंद, तोही लिबलिबीत. ब्लेड लावलं की नुसता चेंदा. बटाट्यात धरून पाहिलं, तर स्टार्चचे कण सगळ्या स्लाइडभर. शेवटी गाजराच्या फोडीला चीर देऊन त्यात तुकडा चिमटला आणि कोरं दाढीचं ब्लेड पाण्यात बुडवून एका दिशेने सरसर ओढलं. (टँकमधली झाडं छाटायची महागडी कात्री इथे काडीच्या कामाची नाही, साधं पाकिटातलं ब्लेडच घ्या.) काप वॉच ग्लासमध्ये तरंगवले आणि सगळ्यात पातळ तो ब्रशने उचलला.

आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं! आत हवेची पोकळी एकही नाही, मधोमध पेशींचे सहा थर, आणि कडेला झालर म्हणावी तर जेमतेम एका पेशीची. पेशीत ऑइल बॉडीही (तेलाचे कण) एक-दोनच, पण चांगल्या ठसठशीत. अन्यूरा (रिकार्डियाचा जवळचा वंश) असती तर बारक्या बारक्या ढिगाने दिसल्या असत्या. मल्टिफिडा बाद. सगळी लक्षणं कॅमेड्रिफोलिया या जातीकडे झुकतात, पण बाजारात ग्रेफी या दुसऱ्या जातीचं नावही याच मालाला चिकटवतात, म्हणून डबीवर तूर्त ‘रिकार्डिया, बहुधा कॅमेड्रिफोलिया’ एवढंच लिहिलंय.

आता हा झुपका मोठ्या टँकमधल्या दगडावर सुपरग्लूने लावणार होतो. पण लिहिता लिहिता सुचलं, अर्धा श्रीखंडाच्या डब्यात ओल्या मातीवर, वर क्लिंग फिल्म लावून ठेवतो. पाण्याखाली हिला बीजाणू धरायचं नाव नको. बाहेर नर-मादी फांद्या आल्या तर एकाच झाडावर येतात की वेगवेगळ्या, तेही कळेल. दगड थांबेल.

कुणाकडे दुसऱ्या दुकानातला माल असेल तर चिमूटभर पाठवा. ओलाच पाठवा, वाळवून नको. वाळल्यावर ऑइल बॉडी नाहीशा होतात.