डॅल्गेटीच्या पडक्या चर्चमधली थडगी वाचताना

एडिंबराच्या पलीकडे, फोर्थच्या खाडीच्या उत्तर काठाला डॅल्गेटी बे गावाजवळ सेंट ब्रिजेट्स चर्चचे अवशेष आहेत. छप्पर नाही, भिंती उभ्या आहेत. १२४४ मध्ये सेंट अँड्रूजचे बिशप डेव्हिड दे बर्नहॅम यांच्या हस्ते या चर्चचं समर्पण झालं. १५६० च्या धर्मसुधारणेनंतर ते प्रोटेस्टंट उपासनेसाठी वापरात राहिलं आणि पश्चिम टोकाला अलेक्झांडर सीटन या मोठ्या सरदारासाठी दुमजली भाग बांधला गेला: वर बसायची खोली, खाली दफनाचं तळघर. १६२२ मध्ये वारलेल्या सीटनला तिथेच पुरलं. चर्चभोवतीच्या थडग्यांची नोंद करताना मी जी पद्धत वापरली ती इथे देते. स्कॉटलंडमधल्या बहुतेक जुन्या दफनभूमींत ती चालेल.

सुरुवात परवानगीपासून. ही वास्तू संरक्षित स्मारक आहे, म्हणजे प्राचीन स्मारकांचा १९७९ चा कायदा लागू. बघायला आणि हातात कॅमेरा धरून फोटो काढायला अडचण नाही. पण गवताखाली गाडला गेलेला दगड उघडा करणं, जमिनीत सळई खुपसून बघणं, मेटल डिटेक्टर फिरवणं यातलं काहीही संमतीशिवाय करायचं नाही. तिवई, आरसा, फ्लॅश घेऊन काम करायचं तर आधी कळवून ठेवावं. एरवी जुन्या दफनभूमींची देखभाल सहसा स्थानिक कौन्सिलकडे असते, तेव्हा पहिलं पत्र तिथे.

मग आराखडा. चर्च पूर्व-पश्चिम लांब असतं, म्हणून त्याच्या भिंतीपासून मोजलं की चुकायला होत नाही. प्रत्येक दगडाला क्रमांक, आणि कुठल्या बाजूला कोरलंय तेही लिहायचं. अठराव्या शतकातले बरेच दगड दोन्ही बाजूंनी कोरलेले असतात: एका बाजूला नावं, दुसऱ्या बाजूला कवटी, हाडं, वाळूचं घड्याळ. मागची बाजू न बघता पुढे गेलात तर अर्धी नोंद राहिली. झुकलेल्या दगडाला टेकू नका. १.२ मीटर उंच, ७० सेंटिमीटर रुंद, १२ सेंटिमीटर जाड वालुकाश्माचं वजन साधारण २३० किलो भरतं.

वाचन म्हणजे प्रकाशाचा खेळ. बहुतेक दगडांची तोंडं पूर्वेला किंवा पश्चिमेला असतात, म्हणून सूर्य नेमका दक्षिणेला आला की किरण दगडाच्या पृष्ठभागाला घासून जातात आणि झिजलेली अक्षरं सावलीने उठून दिसतात. डॅल्गेटीत उन्हाळी घड्याळाप्रमाणे ही वेळ दुपारी सव्वाच्या आसपास येते. आपल्याकडे वीरगळ किंवा शिलालेख वाचणारे तिरक्या उन्हाची वाट बघतात, तसंच हे. ऊन पोचत नसेल तर अ‍ॅक्रिलिकच्या मोठ्या आरशाने पाच-सहा मीटरवरून कडेने कवडसा पाडायचा. आभाळ भरलेलं असेल, आणि ते असतंच, तर काळ्या छत्रीखाली फ्लॅश पृष्ठभागाशी १५ अंशांवर धरून डावीकडून, उजवीकडून, वरून असे वेगवेगळे फोटो घ्यायचे. उभी रेघ बाजूच्या प्रकाशात दिसते, आडवी रेघ वरच्या. एकाच फोटोवर विसंबलं की १ आणि ७, ३ आणि ५ यांची गल्लत ठरलेली.

दगडफुलाने अक्षरं झाकली असतील तर ते खरवडू नये. ते फार सावकाश वाढतं आणि निघताना दगडाचे कण घेऊन निघतं. अशा दगडाचे ५०-६० फोटो, प्रत्येक आधीच्यावर निदान ६० टक्के चढलेला, मेशरूमसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घालून त्रिमितीय प्रतिमा करते. मग रंग काढून टाकायचा. दगडफुलाचे ठिपके जातात, उरतो फक्त उंचसखलपणा.

खडू, पीठ, दाढीचा फेस, तारेचा ब्रश यांतलं काहीही नको. कागद ठेवून पेन्सिल घासणंही नको. या वालुकाश्माचे थर उभे लावलेले असले की त्यांत पाणी शिरतं, थंडीत गोठून फुगतं आणि पापुद्रा आतून सुटतो. बाहेरून दगड धड दिसतो, बोटाने वाजवला तर पोकळ. त्यावर घासलं की नावासकट पापुद्रा हातात.

अक्षरांच्या सवयी कळल्या की वेग येतो. एन उलटा, यू च्या जागी व्ही, डब्ल्यू म्हणजे दोन व्ही, एच आणि ई एकाच दांड्यावर. सालाचे पहिले दोन अंक डाव्या कोपऱ्यात, उरलेले उजव्या. नुसत्या आद्याक्षरांच्या दोन जोड्या असतील तर बहुधा नवराबायको. स्कॉटिश दगडावर बाईचं माहेरचं आडनाव टिकतं, त्यामुळे वंशावळ शोधणाऱ्याला इथे फार मदत होते. हातोडा आणि वर मुकुट म्हणजे लोहार, कात्री नि इस्त्री म्हणजे शिंपी, धोटा विणकराचा, फाळ शेतकऱ्याचा.

वाचलेलं पडताळायला स्कॉटलंड्स पीपल हे सरकारी संकेतस्थळ. मृत्यूची नागरी नोंदणी १८५५ पासून आहे. त्याआधीच्या पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीच्या, वह्यांत बाप्तिस्मे बरे सापडतात, दफनं तुटक. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता, म्हणून त्या वर्षांत नाव नाही मिळालं तरी दगड खोटा ठरवू नका. चर्चच्या हिशेबवह्याही बघाव्यात. शवपेटीवर घालायची चादर चर्च भाड्याने देई, आणि ते भाडं जमेला लिहिलेलं असतं. कधी कधी मृत्यूचा तेवढाच कागदी पुरावा उरतो.

उतरवताना ओळ संपली की तिरकी रेघ, गेलेल्या अक्षराला एक टिंब, शंकेचं अक्षर चौकटी कंसात. मूळ शुद्धलेखन तसंच ठेवायचं. फोटोच्या नावात दगडाचा क्रमांक, बाजू आणि तारीख. एक प्रत कौन्सिलच्या पुरातत्त्व अधिकाऱ्याला, एक स्थानिक ग्रंथालयाला पाठवते.