तिसरं हन्नुकाचं पुस्तक नको

ज्यू घरातल्या मुलाला पुस्तक द्यायचं म्हटलं की देणारा हटकून हन्नुकाचं, म्हणजे आमच्या दिव्यांच्या सणाचं, पुस्तक आणतो. डिसेंबरात अमेरिकेतल्या दुकानांत नाताळच्या शेजारी आमच्या दिव्यांची पुस्तकं मांडलेली असतात, ती चटकन हाताला लागतात. त्यामुळे आणणाऱ्याला बोल लावत नाही. पण आमच्या घरात अशी दोन झाली. दोन्हींत खिडकीबाहेर बर्फ पडतोय, आत बटाट्याचे लाटके तळले जातायत आणि आजी लोकरीची शाल गुंडाळून बसली आहे. अलिबागची आजी डिसेंबरात फार तर पंखा पाचवरून दोनवर आणते.

तिकडे राहणाऱ्या भाचीला स्पष्टच कळवलं, पुढच्या खेपेला तिसरं नको.

हन्नुका आम्ही मनापासून साजरा करतो, त्याबद्दल वाद नाही. पण आमच्या, म्हणजे कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंच्या, पूर्वजांना तो ठाऊक नव्हता असं जुनी माणसं सांगत आली. गलबत नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि ही माणसं मूळ देश सोडून निघाली ती हन्नुकाची हकिगत घडण्याआधीच, म्हणून तो सण सोबत आला नाही. आला तो फार नंतर, बाहेरून आलेल्या शिक्षकांबरोबर. आमचे जुने सण वेगळ्याच नावांचे: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा सण. पुरीमला सरळ होळीचा सण म्हणायचे. यातलं एकही नाव मला आजवर मुलांच्या कुठल्या पुस्तकात दिसलेलं नाही.

नात आता दुसरी संपवून तिसरीत जाईल. सेमी इंग्रजीची शाळा. घरात बोलणं मराठी, शाळेत गणित इंग्रजीतून, आणि सिद्दूरमधली, म्हणजे प्रार्थनेच्या पुस्तकातली, हिब्रू अक्षरं बोट ठेवून वाचता येतात. चित्रांची पातळ पुस्तकं तिला आता ‘बाळांची’ वाटतात आणि मोठ्यांची जाड पुस्तकं पेलत नाहीत. मधल्या या टप्प्यासाठी इंग्रजीत ज्यांना ‘अर्ली चॅप्टर बुक’ म्हणतात ती पुस्तकं असतात: साठ ते शंभर पानं, ठसठशीत टाइप, सहा-सात पानांचं एकेक प्रकरण, दोन-तीन पानांआड एखादं साधं रेखाचित्र. मी प्राथमिक शाळेत जन्म घालवला. पहिलीत भराभर वाचणारी पोरं तिसरीत पुस्तकाकडे पाठ फिरवतात ती मी बघितली आहेत, आणि बहुतेक वेळा कारण एकच, मुंग्यांसारख्या अक्षरांचं पुस्तक कुणीतरी कौतुकाने लवकर हातात दिलेलं. एक प्रकरण एका बैठकीत संपलं पाहिजे. ‘मी एक चॅप्टर संपवला’ असं पोराला स्वयंपाकघरात येऊन सांगता आलं पाहिजे.

ज्यू पुस्तकांत नेमका हाच टप्पा विरळ आहे. अमेरिकेत ज्यू ग्रंथालयांची संघटना १९६८ पासून ज्यू बालसाहित्याला सिडनी टेलर पुरस्कार देते. यादी उघडून बघा, गट तीन: चित्रपुस्तकं, मधल्या वयाची मुलं, किशोर. आमची नात पहिल्या दोन गटांच्या मधल्या फटीत बसते. भाचीच्या घरी पीजे लायब्ररीकडून दर महिन्याला एक पुस्तक फुकट येतं. हॅरॉल्ड ग्रिन्स्पून यांच्या प्रतिष्ठानाने २००५ मध्ये सुरू केलेला हा उपक्रम, फार चांगला. तिची मुलं मोठी झाली की जुनी पुस्तकं आमच्याकडे बॅगेतून येतात. त्यांतली काही उत्तम आहेत. पण ती अमेरिकेतल्या मुलांसाठी निवडलेली आहेत, अलिबागच्या इस्राएल आळीतल्या मुलीसाठी नाहीत, म्हणून घरी पुन्हा निवड करावी लागते.

माझी पद्धत साधी. आधी मी वाचते. एवढं पुस्तक चहा संपेपर्यंत वाचून होतं, तेव्हा वेळ नाही ही सबब कुणी सांगू नये. वाचताना एवढंच बघते, अडचण कुणाची आहे? मुलाची की लेखकाची? पुष्कळ पुस्तकांत लेखकालाच काहीतरी शिकवायची घाई असते. पहिल्याच पानावर आई मुलाला विचारते, “आज शुक्रवार. आपण शब्बाथ का पाळतो ठाऊक आहे ना?” आणि मुलगा दीड पान उत्तर देतो. कुठल्या घरात अशी बोलणी होतात? आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी “दिवा लावायची वेळ झाली, आंघोळ केलीस का?” एवढंच बोलणं होतं. काचेच्या पेल्यात तेल, वात, आणि किद्दूशला, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाला, काळ्या मनुका भिजवून केलेलं सरबत. मूल हे बघतच वाढतं. पुस्तकात तो दिवा कोपऱ्यात जळत असावा, आणि गोष्ट भलतीच असावी, मांजर हरवल्याची, भावाशी झालेल्या भांडणाची.

धर्म अडचणीत घुसत असेल तर मग खराखुरा घुसू दे. सामना शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या विसाव्याच्या दिवशी आला, आता काय करायचं, अशी गोष्ट मला चालते, नव्हे हवीच आहे. इथे शनिवारी सकाळची शाळा असते. चित्रकलेच्या स्पर्धा, कवायत, गॅदरिंगच्या तालमी सगळं शनिवारीच. आमच्यातली काही घरं मुलांना पाठवतात, काही नाही पाठवत. दोन्हीकडची मुलं एकाच सिनेगॉगमध्ये शेजारी बसतात. त्यामुळे जे पुस्तक ‘चांगला ज्यू मुलगा शनिवारी असंच वागतो’ म्हणून बोट दाखवतं, ते मी परत बॅगेत टाकते. कुणाच्या आईबापाने काय ठरवलंय त्यावर गोष्टीतल्या आजोबांनी निकाल द्यायचं कारण नाही.

खाण्याचंही तसंच. बटरमिल्क पॅनकेक खाणाऱ्या गोष्टीतल्या मुलांपेक्षा आमच्या पोरांची परीक्षा रोजची असते, कारण शेजारी कोळंबीचं कालवण उकळत असतं. खेकडे नाहीत, तिसऱ्या नाहीत, मोरी नाही. पापलेट, बांगडा, रावस चालतात. पेणकडचा जिताडा मिळाला तर सणच. सागुतीच्या जेवणावर दुधाचं काही नको, म्हणून गोडाला नारळाचं दूध. गव्हाच्या चिकाचा हलवासुद्धा त्यातलाच. कोकणातल्या ज्यू मुलाला ‘नाही’ म्हणणं कठीण जात नाही, मैत्रिणीच्या आईने प्रेमाने वाढलेलं ताट परत करणं कठीण जातं. यावर कुणी पुस्तक लिहिलं तर मी दहा प्रती घेईन.

चित्रं नीट बघा. काळी हॅट, कानाशी झुलणाऱ्या बटा, लांब कोट. चित्रकाराला ज्यू म्हटलं की एवढंच सुचतं. काही कर्मठ प्रकाशनांत तर बायका-मुलींची चित्रंच नसतात, ती मी घरात घेत नाही, पूर्णविराम. आमच्या मागेन आबोथमध्ये, हे सिनेगॉग १८४८ सालचं, पुरुष शर्टपँटवर टोपी घालून येतात आणि बायका साडी नेसून. नातीने एकदा एका पुस्तकातल्या दाढीवाल्या माणसावर बोट ठेवून “हे कोण?” विचारलं होतं. ज्यू आहेत म्हटल्यावर तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी फसवतेच आहे. अलीकडे इथिओपियाच्या, मोरोक्कोच्या, येमेनच्या ज्यू मुलांच्या गोष्टी येऊ लागल्या आहेत. त्यातलं गरम हवामान, मसाल्याचे डबे, एका घरात राहणारी खंडीभर माणसं तिला ओळखीची वाटतात.

आता अवघड भाग. ज्यू मुलांसाठी पुस्तकं म्हणून कुठलीही यादी काढली तरी तिसऱ्या-चौथ्या ओळीपासून हिटलर सुरू होतो. पुष्कळ पालकांना वाटतं, लवकर कळलेलं बरं. मला वाटत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलीला आपण ज्यू आहोत याचा पहिला अर्थ ‘आपल्याला मारलं होतं’ असा कळू नये. या किनाऱ्यावर आमची माणसं शेकडो वर्षं तेलाचे घाणे चालवत राहिली, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक शनवार तेली म्हणाले, आणि नवगावकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी गावांची आडनावं लावून इथलीच झाली. तिचा पाया हा आहे. युरोपात काय झालं ते तिला कळायलाच हवं, पण दहा-अकराव्या वर्षी, सोबत कुणी बसलेलं असताना. एकटीने प्रकरण वाचून पांघरुणात शिरायचं ते पुस्तक नव्हे. अर्थात मुलं आपल्या वेळापत्रकाने विचारत नाहीत. मुंबईत सिनेगॉगबाहेर पोलीस आणि बॅगेची तपासणी बघून तिने कारण विचारलंच. तेव्हा जेवढं विचारलं तेवढंच सांगितलं.

बाकी बारीकसारीक. पाच बोटांची चाचणी मी शाळेतही करायचे: मधलंच पान उघडून मुलाने मोठ्याने वाचावं, अडलेल्या शब्दाला एक बोट, पाचही बोटं उभी राहिली तर पुस्तक वर्षभर कपाटात. इस्रायलमधल्या दिमोनाहून दीर हिब्रू पुस्तकं पाठवतात. स्वरचिन्हं घातलेली असतात, म्हणून नात खडाखडा वाचते आणि अर्थ एका अक्षराचा कळत नाही. उच्चाराला बरी, वाचनाला नाहीत. आणि पुस्तक जुनं झालं की रद्दीत टाकण्याआधी चाळा. शेवटच्या पानांवर हिब्रू प्रार्थना पूर्ण छापलेली असेल, देवाचं नाव असेल, तर ते सिनेगॉगमध्ये नेऊन द्यायचं, फाटक्या सिद्दूरांबरोबर पुरायला.

प्रत्येक पुस्तक ज्यूच हवं हा हट्टही नको. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पायऱ्यांनुसार लावलेल्या आहेत, पहिलीपासून चौथी पायरी. नातीचं मराठी वाचन तिथेच सुटलं.

पण आपल्या मराठीत, आपल्या घरातली, मोठ्या टाइपातली गोष्ट? ती नाहीच. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण आमच्या लोकांना छापायची सवय नव्हती असं नाही. पेसाहच्या सणाला वाचायची पोथी, हागादा, १८७४ साली पुण्यात मराठीसकट, चित्रांसकट छापून निघाली. त्यातल्या एका चित्रात लुगडं नेसलेल्या बायका जमिनीवर बसून मात्साच्या, म्हणजे पेसाहच्या बिनखमिराच्या, भाकऱ्या करतायत. दीडशे वर्षांपूर्वी कुणाला तरी वाटलं की चित्रातली बाई आपल्या आईसारखी दिसावी. मुलांच्या पुस्तकापर्यंत ते पोचलं नाही. वाचणारी घरंच निम्मी-अधिक इस्रायलला गेली, प्रकाशकाने तरी कुणासाठी काढायचं?

म्हणून मी शंभरपानी वहीत स्वतःच लिहायला घेतलंय, एक ओळ सोडून, ठळक अक्षरात. पहिलं प्रकरण गलबताचं. दुसरं घाण्याचं. तिसरं मला सगळ्यात आवडतं: डेव्हिड रहाबी नावाचा परका माणूस गावात येतो, ही शनिवार पाळणारी माणसं कोण याचा त्याला संशय येतो, आणि तो बायकांपुढे माशांची पाटी ठेवून रांधायला सांगतो. बायका काही न बोलता आम्हाला चालणारे, खवल्यांचे नि परांचे मासे एकीकडे काढतात, बाकीचे बाजूला सारतात. अशी दंतकथा. सातआठ वर्षांच्या वाचकाला याहून चांगलं प्रकरण कुठून आणायचं? परीक्षा आहे, गुपित आहे, मासे आहेत.

पहिली वाचक फार कडक आहे. “सात बाया नि सात पुरुष, मग मुलं कुठे गेली?” हा प्रश्न आला आणि पहिलं प्रकरण परत लिहावं लागलं. नवगावला आमच्या जुन्या कबरस्तानात बुडालेल्यांना पुरलं असं सांगतात, तिथे स्मारक आहे; तिथे तिला घेऊन गेले, पण उत्तर काही मिळालं नाही, म्हणून गोष्टीत मी मुलं घातली नाहीत. माशांच्या पाटीत जिताडा पाहिजे ही तिची अट मात्र मान्य केली. चित्रं तीच काढतेय. बाजारातल्या झेरॉक्सवाल्याने स्पायरल बाइंडिंग करून द्यायचं कबूल केलंय.

रेवदंडा, पेण, म्हसळ्याकडच्या कुणाच्या घरी खिरीच्या सणाच्या आठवणी असतील तर मला कळवा. पुढचं प्रकरण त्यावर आहे, आणि खीर तांदळाची की गव्हाची यावरून नणंदेचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.