परातीतला मैदा
जानेवारीतला रविवार. सकाळी अजिंक्यतारा दोनदा चढून-उतरून आमचा चौदा जणांचा गट राजवाड्याजवळच्या हॉलमध्ये जमला होता. आठ दिवसांनी हिमाचलात एका बर्फाच्या खिंडीच्या ट्रेकला निघायचं होतं. रेल्वेची तिकिटं झालेली, ॲडव्हान्स भरलेला. निम्मे जण हिल मॅरेथॉन पळणारे, दमाची काळजी नव्हतीच.

हिमस्खलन कसं होतं ते दाखवायला मी नेहमीचा प्रयोग मांडला. परातीत साखरेचा थर, त्यावर दाबून बसवलेला मैदा. बर्फ कमी पडला आणि थंडी कडाक्याची असली, की खालच्या थराचे असेच साखरेसारखे सुटे कण होतात. त्यावर एका रात्रीत दोन फूट नवा बर्फ बसला, की वरचा थर फळीसारखा अख्खा सुटू शकतो. एका माणसाचं वजनही पुरतं. 30 ते 45 अंशांचे उतार सगळ्यात वाईट. मोबाईलवर कोन बघत परात कलती केली. पस्तिशीच्या आसपास मैद्याला भेग पडली आणि सगळा सतरंजीवर. पोरं हसली.

मागे एका मुलीचे वडील बसले होते. अपशिंग्याचे, सुभेदार म्हणून निवृत्त.

"सर, मैदा पडला कुठं ते बघा. तुमचा तंबू कुठं लागणार?"

वाटेवरचा एकूण एक उतार मी मोजला होता. दुसऱ्या रात्रीचा मुक्काम सपाटीवर, म्हणून तिथं बोटसुद्धा ठेवलं नव्हतं. लॅपटॉपवर उपग्रहाचं चित्र उघडलं. दोन्ही बाजूंना देवदार, मधे वरपासून मुक्कामापर्यंत टक्कल पडल्यासारखा पट्टा. वरचा उतार 38 अंश.

"झाडं का नाहीत तिथं?" सुभेदार म्हणाले. बर्फाचे लोट त्याच पट्ट्यातून खाली येत होते.

पाटणचा मुलगा हसायचा थांबला. 2021 च्या जुलैत आंबेघर, मिरगाव, ढोकावळ्यात डोंगर घरांवर आला, तो त्याचाच तालुका.

चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण खात्याच्या संस्थेचं हिमस्खलनाच्या धोक्याचं बुलेटिन मी रोज वाचत होतो. पाचपैकी तिसरी पातळी. ती मी 'मधली' म्हणून सोडून देत होतो. खरं तर जगभर कितीतरी माणसं याच पातळीला दगावतात. चौथी-पाचवी असली की फारसं कुणी बाहेरच पडत नाही.

"बीकन किती?" सुभेदारांनी विचारलं. बीकन म्हणजे बर्फाखाली गाडलेला माणूस शोधायला अंगावर बांधायचं सिग्नलचं यंत्र.

"चार."

"आणि माणसं चौदा." मग जरा थांबून, "पहिली दहा-पंधरा मिनिटं असतात, सर. त्यानंतर आम्ही नुसतं खणत राहायचो."

खिंड रद्द केली, खालची देवदारातली वाट धरायची ठरलं. पाच जणांनी पैसे परत मागितले. एकानं तर, एका फौजीच्या बोलण्यावर ट्रेक बदलता, असा मेसेज टाकला. पैसे दिले. मेसेजला उत्तर दिलं नाही.