जिन्यातला सातवा

आमच्या सोसायटीत घरं 12 आणि कोरम, म्हणजे सभा चालायला लागणारी किमान हजेरी, 7 चा. सेक्रेटरी झाल्यापासून हा सातवा माणूस माझ्या स्वप्नात येतो; सभेला मात्र येत नाही. खुर्च्या मांडून होतात, हजेरीवही उघडून तिच्यावर पेन आडवं ठेवतो आणि जिन्याकडे डोळे लावून बसतो. पहिल्यांदा येतं एक हौशी जोडपं. खुर्च्या दोन भरतात, पण घर एक, म्हणून सही एकच.

परवाचा विषय गच्चीच्या गळतीचा. दुरुस्ती हवी म्हणणारे सहा, नको म्हणणारे तीन, उरलेले तिघं कशालाच न येणारे. विरोधक येऊन बसले असते तर नऊजण झाले असते आणि ठराव सहा विरुद्ध तीन असा मंजूर. ते आलेच नाहीत, तर सहाजणांत कोरम भरत नाही आणि सभा तहकूब! हात वर करून ‘नाही’ म्हणण्यापेक्षा घरात दार लावून बसण्यात जास्त ताकद. गळतीला हे गणित कळत नाही, ती चालूच आहे.

तरी कोरम नसावा असं मी म्हणणार नाही. तीन टाळक्यांनी जमून बाराजणांच्या खिशात हात घातला तर काय घ्या?

आणि ही लपाछपी काही आमचीच नाही. 1840 साली इलिनॉयच्या विधिमंडळात कोरम मोडायला खुद्द अब्राहम लिंकन यांनी खिडकीतून उडी मारली होती. तोवर मोजणी होऊन गेली होती, उडी फुकट. पुढे अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात सदस्य जागेवर बसूनच मतदानाला गप्प राहत आणि गैरहजर ठरत. 1890 मध्ये सभापती थॉमस रीड अशांची नावं हजर म्हणून वाचू लागले. एकाने हरकत घेतली, तेव्हा रीड यांनी उलट विचारलं, आपण इथे आहात हे आपल्याला नाकबूल आहे का?

रीड यांचं स्मरण करून मी वही घेऊन जिन्यात गेलो. विरोधकांपैकी तिसऱ्या मजल्यावरचे काका तिथे कठड्याला टेकून उभे होते. “मी नुसता ऐकायला आलोय.”

“मग ऐकल्याची सही करा.”

त्यांनी पेन घेतलं, तळहातावर दोन रेघा ओढल्या. “उठत नाही हे. माझं आणतो.” आणि अनवाणीच वर गेले.

अर्धा तास आम्ही सहाजण पायरीवरच्या त्यांच्या चपलांकडे बघत बसलो होतो.