तुम्ही विचारलंत म्हणून: जादा कामाला ‘नाही’ कसे म्हणावे

शिक्षण परिषदेच्या, म्हणजे आसपासच्या शाळांतील शिक्षकांच्या बैठकीच्या, दिवशी दुपारी डबे उघडले, की नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांपैकी कोणीतरी मला हमखास विचारते, “मॅडम, तुम्ही साहेबांना नाही म्हणता, तरी ते तुमच्यावर चिडत कसे नाहीत?” प्रश्नाचा उत्तरार्ध खरा नाही, कारण साहेब चिडतात. मात्र चिडून झाल्यावर त्यांना माझ्या पत्रात खुलासा मागवण्याजोगे काही सापडत नाही, आणि माझी सारी पद्धत एवढ्यापुरतीच आहे. मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत मुख्याध्यापिका आहे. पहिली ते चौथीचे वर्ग आम्ही दोघेजण सांभाळतो, त्यामुळे एकाला गटसाधन केंद्रात, म्हणजे तालुक्याच्या शिक्षण विभागाच्या केंद्रात, बोलावले की दुसऱ्यासमोर चारही वर्ग एकाच वेळी बसतात. पुढचे सगळे या शाळेतून पाहिलेले आहे.

कोणते काम नाकारता येत नाही, हे आधी पक्के ठाऊक असावे. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 27 नुसार शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि स्थानिक संस्था, विधिमंडळ व संसद यांच्या निवडणुकांची कामे एवढीच अशैक्षणिक कामे देता येतात. या कलमाचा पूर्वार्ध मोर्चांमध्ये आवेशाने वाचला जातो आणि अपवाद मात्र घाईने उरकले जातात; परंतु निवडणुकीच्या किंवा जनगणनेच्या आदेशाकडे पाठ फिरवणाऱ्यासाठी कायद्यात शिक्षेची तरतूद आहे, तेव्हा तेथे बाणेदारपणाला जागा नाही. असे असले, तरी केव्हा आणि कसे हे विचारता येतेच. सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये दिल्लीतील शाळांच्या एका प्रकरणात स्पष्ट केले, की मतदारयादीची व निवडणुकीची कामे शिक्षकांकडून सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी करून घ्यावीत, अध्यापनाच्या वेळेत सर्वसाधारणपणे त्यांना गुंतवू नये. बीएलओचा (मतदान केंद्राच्या पातळीवर मतदारयादीचे काम पाहणाऱ्याचा) आदेश हाती पडला, की मी तो नाकारत नाही. तहसील कार्यालयाला या निर्णयाचा संदर्भ देऊन घरोघरीच्या भेटी रविवारी व सुट्टीच्या दिवशी करण्याची अनुमती मागते. ती दरवेळी मिळतेच असे नाही, पण मागणीची नोंद राहते.

खरी अडचण या आदेशांची नसतेच. अडचण असते ती कोणत्याही कायद्यात न बसणाऱ्या, पण “करून टाका हो मॅडम, किती वेळ लागतो” अशा आर्जवाने येणाऱ्या कामांची. कुठल्याशा अभियानाची छायाचित्रे त्याच दिवशी चढवायची असतात. आधीच यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, भरलेली माहिती वेगळ्या तक्त्यात पुन्हा मागितली जाते. शेजारच्या शाळेची माहिती भरायला कोणी नसते म्हणून ती आपल्याकडे येते. तालुक्याच्या एखाद्या कार्यक्रमाला सूत्रसंचालनासाठी ‘चांगला आवाज असलेले’ शिक्षक हवे असतात. यांतले कोणतेही काम एकेकटे पाहिले तर क्षुल्लक असते, म्हणूनच ते नाकारणारा माणूस आडमुठा ठरतो.

अशा वेळी ‘माझ्याकडे वेळ नाही’ असे मी कधीही म्हणत नाही, कारण ते वाक्य वादाला निमंत्रण देते: वेळ कोणाकडेच नसतो, आणि आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांकडे तर माझ्याहून कमी असतो. त्याऐवजी नवे काम घेतल्यास हातातले कोणते काम थांबेल, ते मी तारखेनिशी लिहिते. माझ्या पत्राचा मसुदा साधारण असा असतो: “आपले पत्र मिळाले. सदर काम स्वीकारल्यास या आठवड्यात दुसरीच्या वर्गाची वाचन चाचणी व पोषण आहाराच्या नोंदी पूर्ण होऊ शकणार नाहीत. यांपैकी कोणते काम पुढे ढकलावे, याबाबत आपले लेखी मार्गदर्शन व्हावे, ही विनंती.” या तीन वाक्यांत नकार कुठेही नाही, तरी बहुतेक वेळा काम परत जाते, कारण वाचन चाचणी थांबवा असे स्वतःच्या सहीने लिहून देण्याची कोणाचीही तयारी नसते. क्वचित एखादे अधिकारी खरोखरच लिहून देतात, की चाचणी पुढील आठवड्यात घ्यावी. मग मी ते काम कुरकुर न करता करते, कारण निर्णय ज्याचा त्याने घेतलेला असतो आणि चाचणी का लांबली हे पालकांना सांगण्यासाठी माझ्याजवळ कागद असतो.

लेखी मागण्याला उद्धटपणा समजले जाते, तसा तो नाही. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठीच्या 1979 च्या वर्तणूक नियमांतही वरिष्ठांचे निर्देश शक्य तेथे लेखी घ्यावेत आणि ते शक्य नसल्यास नंतर लवकरात लवकर लेखी पुष्टी घ्यावी, असेच सांगितले आहे. सूर मात्र सांभाळावा लागतो. “लेखी द्या, मगच करीन” ही धमकी होते; “साहेब, फाईलला लावायला दोन ओळी पाठवाल का” असे विचारले तर तीच मागणी कार्यालयीन सोय ठरते. माझे उत्तरही मी जावक क्रमांक घालून पाठवते आणि पोच घेते.

ज्या शिक्षकाला संगणक जमतो, त्याची अवस्था सर्वांत बिकट असते. एकदा ‘तंत्रस्नेही’ म्हणून नाव झाले, की सगळ्या केंद्राची ऑनलाइन कामे त्याच्या दारात येतात, आणि मागणारे वरिष्ठ नसून सहकारी असल्यामुळे पत्रव्यवहारही करता येत नाही. अशा तरुणांना मी एकच सुचवते: दुसऱ्याची माहिती भरून देऊ नका, त्याला शेजारी बसवून त्याच्याच हाताने भरून घ्या. पहिल्या खेपेला दुप्पट वेळ जातो आणि “तूच कर ना पटकन” असे चार वेळा ऐकावे लागते, तरीही माऊस सोडायचा नाही तो त्याने. काही जण शिकतात. ज्यांना शिकायचेच नसते ते दुसरा तंत्रस्नेही शोधतात. दोन्ही गोष्टी आपल्या सोयीच्या आहेत, हे मी त्यांना हळूच सांगते.

गावातून येणाऱ्या विनंत्यांना हे कागदी हत्यार चालत नाही. सरपंचांना भाषण लिहून हवे असते, कोणाला बँकेचा अर्ज भरून हवा असतो. तेथे मी शाळा सुटल्यानंतरची वेळ देते आणि ती पाळते. एवढ्याने भागते.

नकार देण्याचा अधिकार टिकवायचा असेल, तर जे स्वीकारले ते वेळेच्या आधी द्यावे लागते. पोषण आहाराचेच पाहा: पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे रोज 100 ग्रॅम तांदूळ धरून शिल्लक, खर्च आणि उपस्थिती यांचा मेळ घालणे हे मला मुळीच आवडत नाही, आणि शिक्षकाने हे का करावे हा प्रश्नही रास्त आहे. पण माझ्या नोंदी चुकलेल्या असत्या, तर माझ्या त्या नम्र पत्रांना केराची टोपली मिळाली असती. शिवाय मी परत पाठवलेले काम कोठे जाते, याकडेही मी लक्ष ठेवते. बहुधा ते शेजारच्या शाळेतल्या सर्वांत नवख्या शिक्षकाच्या पदरात पडते, कारण त्याला अजून नाही म्हणता येत नाही. तसे दिसले तर मी त्याला फोन करून माझ्या पत्राचा मसुदा पाठवते. आणि काम टळण्याजोगे नसेल तर दोन्ही शाळांत वाटून घेऊ असे केंद्रप्रमुखांना आपणहून कळवते.

राहता राहिला व्हॉट्सॲपच्या गटावर रात्री येणारा ‘अत्यंत तातडीचे’ हा संदेश. त्याला मी रात्री उत्तर देत नाही. दुसऱ्या दिवशी परिपाठ संपल्यावर, वर्गाला लेखन देऊन, माहिती कोणत्या तारखेपर्यंत देऊ शकेन ते कळवते. कळवण्याजोगे काहीच नसेल तर तेव्हाच ‘निरंक’ लिहून मोकळी होते. जे काम खरोखरच थांबू शकत नाही, त्यासाठी केंद्रप्रमुख स्वतः फोन करतात, आणि तो मी कितीही वाजता उचलते.