बेल वाजवू नये

सोसायटीच्या पाण्याच्या टाक्या धुवायच्या होत्या, त्याच्या सह्या घेत मी दुपारी तीनच्या सुमाराला जिने चढत होतो. (मी सेक्रेटरी नाही. सेक्रेटरींचा गुडघा दुखतो.) अकरा घरं झाली होती. तिसऱ्या मजल्यावर उजवीकडच्या बेलवर बोट टेकवणार, तेवढ्यात दारावरची चिठ्ठी दिसली. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर निळ्या स्केचपेनने, बाळबोध अक्षरात: "घरात कांजिण्या आहेत. बेल वाजवू नये. काम असल्यास फोन करावा. दूध पिशवीत ठेवावे." खाली तारीख.

बोट तसंच हवेत राहिलं. पुण्यात वाढलेल्या माणसाला पाटीचं अप्रूप नसतं. पण आमच्या पाट्या वाचणाऱ्याची चूक सांगतात. गाडी इथे लावू नये, पत्ता विचारू नये, फुलं तोडू नयेत, दुपारी एक ते चार येऊ नये. घरात काय चाललंय हे स्वतःहून सांगणारी पाटी मी पहिल्यांदा पाहिली. वाचता वाचता मला ठसका लागला. सकाळपासून घसा खवखवत होता, त्याकडे मी लक्ष दिलं नव्हतं. मग हातातल्या पेनाकडे लक्ष गेलं. त्याच हाताची मूठ तोंडावर धरून मी अकरा घरांच्या दारात खाकरलो होतो, आणि लगेच तोच पेन "इथे सही करा" म्हणून पुढे केला होता.

पेन खिशात ठेवून खाली आलो.

संध्याकाळपर्यंत त्या घराची बेल तीनदा वाजली, असं नंतर कळलं. तिघांनाही एकच विचारायचं होतं, की चिठ्ठी का लावलीय. त्यातल्या पहिल्या मजल्यावरच्या काकू शहाळं घेऊन गेल्या होत्या. पार्किंगमध्ये चर्चा झाली. "एवढं काय त्यात, कांजिण्याच ना!" इथपासून "भाड्याने राहतात ना ते," इथपर्यंत. दुसऱ्या वाक्याने नेमकं काय सिद्ध होतं ते मला समजलं नाही, पण सगळ्यांनी माना डोलावल्या.

मला मात्र वेगळाच चाळा लागला. कांजिण्या येतात. गोवर येतो. डोळे येतात, ताप येतो, साथ येते. पाहुण्यासारखं कुणीतरी बाहेरून येतं, उंबरा ओलांडतं, काही दिवस राहतं आणि जातं. सर्दी मात्र होते. संध्याकाळ होते, उशीर होतो, तशी. कुणी आणली नाही, कुणी दिली नाही, झाली. म्हणूनच की काय, सर्दी झालेल्या माणसाला आपण कुणाचं काही लागतो असं वाटतच नाही. तो लग्नाला जातो, पंगतीत वाढतो, बाळाचा पापा घेतो आणि वर "लांब राहा हं, मला सर्दी झालीय" असं अगदी जवळ येऊन सांगतो. डोळे आलेला माणूस निदान काळा चष्मा लावून हिंडतो. नुसतं बघितल्याने डोळे येत नाहीत, हाताने, टॉवेलने, उशीने येतात, त्यामुळे चष्म्याचा दुसऱ्याला फार उपयोग नसतो. पण लांबून कळतं तरी. सर्दीला असा काही गणवेश नाही.

मला कांजिण्या आल्या १९८६ च्या एप्रिलमध्ये, सहावीची परीक्षा नुकतीच संपल्यावर. वाड्यात राहायचो. आजीने पहिलं काम केलं ते दाराला कडुनिंबाचा डहाळा खोचण्याचं. झालं. कुणाला काही सांगावं लागलं नाही. वाड्यातली माणसं डहाळा बघून चार हात लांबून विचारपूस करायची, आणि त्यात कुणाचा अपमान होत नसे. घरात फोडणी बंद झाली. माझ्यासमोर कुणी मोठ्याने बोलायचं नाही, मला "मेल्या" म्हणायचं नाही, खाजवलं तरी रागवायचं नाही, कारण मी आता नुसता मी नव्हतो, माझ्या अंगावर बाई, म्हणजे देवी, आल्या होत्या. असा मान मला त्याआधी मिळाला नव्हता आणि नंतरही नाही. वडिलांचा या कशावर विश्वास नव्हता. ते म्हणायचे, पुरळ उठायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच कांजिण्या पसरतात, तेव्हा तुमचा डहाळा वरातीमागून घोडं आहे. शास्त्र त्यांच्या बाजूने होतं. पण सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत पसरतात हेही शास्त्रच, आणि तेवढे दिवस डहाळा दारावर होता. वाळला की आजी नवा खोचायची.

त्या १८ एप्रिलला शारजाला भारत-पाकिस्तान अंतिम सामना होता. आमच्याकडे टीव्ही नव्हता. समोरच्या गॅलरीतल्या माझ्या मित्राकडे होता. तो दर षटकाला गॅलरीत यायचा, ओरडून धावा सांगायचा आणि आत पळायचा. मी गोधडीत खिडकीशी. शेवटच्या चेंडूवर त्यांना चार हव्या होत्या. पुढचं कुणाला सांगायला नको. बराच वेळ गॅलरीत कुणी आलंच नाही. मग तो थेट आमच्या दारात दिसला, डहाळ्याखालून आत आला, माझ्या अंथरुणावर बसला आणि रडायला लागला. मीही रडलो. आजीला त्याला हाकलवलं नाही. मे उजाडल्यावर त्याच्या अंगावर पुरळ उठलं आणि त्याची आजोळची सुट्टी गेली. आजही तो म्हणतो, मला कांजिण्या मियाँदादने दिल्या. माझं नाव तो घेत नाही. ही त्याची सभ्यता.

डहाळ्याबद्दल मी तेव्हापासून विचार करतोय असं म्हणणं खोटं होईल, पण त्या दुपारी जिना उतरताना केला. "येऊ नका" हे वाक्य आपल्याला बोलता येत नाही. आपल्याकडे "या" म्हणायच्या पन्नास तऱ्हा आहेत. या ना, या हो, येऊन जा, पायधूळ झाडा, नुसतं निघतो म्हणू नका. "येऊ नका" मात्र एकाच तऱ्हेने म्हणता येतं, आणि ते भांडण वाटतं. शिवाय आजाऱ्याला भेटायला जाणं हे आपल्याकडे कर्तव्य. न गेलं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. जायचं, मोसंबी न्यायची, पलंगाच्या कडेला टेकायचं, कपाळाला हात लावून बघायचा, त्याच हाताने चहाचा कप घ्यायचा. अशा लोकांना "येऊ नका" कोण सांगणार? ते काम देवीने अंगावर घेतलं होतं. घरच्यांनी कुणाला अडवलं नाही, देवीला विटाळ चालत नाही, बस्स. वाईटपणा तिच्याकडे, मान आपल्याकडे.

माझ्या आत्याच्या चेहऱ्यावर देवीचे वण आहेत. तिचा जन्म वाईजवळच्या खेड्यातला. पाच वर्षांची असताना तिला देवी आल्या, कांजिण्या नव्हेत, त्या मोठ्या. देवी काढणारा, म्हणजे लस टोचणारा, गावात येऊन गेला होता, तेव्हा तिला गोठ्यात लपवलं होतं, रडते म्हणून. माझे वडील तेव्हा दीड वर्षांचे. आजीने त्यांना त्याच दिवशी मामाच्या गावी धाडलं, आणि महिनाभर त्यांचं तोंड पाहिलं नाही. गाव दोन कोसांवर होतं. मामा एकदा त्यांना कडेवर घेऊन नदीपर्यंत आला, पलीकडच्या काठावर उभा राहिला. आजी अलीकडच्या. वडील हात पसरून रडत होते. आजी म्हणे वळली आणि घरी आली. ही गोष्ट आत्यानेच मला सांगितली आहे. सांगताना ती नेहमी नदीला पाणी किती होतं हेच सांगत बसते. घोटाभर, म्हणते.

माझ्या दंडावर देवीच्या लसीचे दोन वण आहेत. माझ्या मुलीच्या दंडावर नाहीत. १९८० मध्ये देवी जगातून गेल्याचं जाहीर झालं, तिला टोचायची गरजच उरली नाही.

पण माणसं आजार लपवतात, त्याला निव्वळ बेफिकिरी म्हणणं मला पटत नाही. १८९७ साली याच पुण्यात प्लेगच्या वेळी रँडसाहेबाचे गोरे सोजीर घराघरांत शिरून माजघर, देवघर धुंडाळत होते. रोगी सापडला की इस्पितळात, घरची माणसं छावणीत, सामान अंगणात. लोकांनी रोगी लपवले. लपवणारच. चापेकरांचं पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. त्या वर्षी साथीच्या रोगांसाठी जेमतेम चार कलमांचा एक कायदा झाला, आणि २०२० च्या मार्चमध्ये तोच कायदा पुन्हा बाहेर काढला गेला. तेव्हा परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हाताच्या पाठीवर शिक्का मारत होते, मतदानाच्या शाईने, धुतला तरी जाऊ नये म्हणून. असे शिक्के असलेले चौघे गरीबरथमध्ये बसले होते, सहप्रवाशांना दिसले, आणि त्यांना पालघरला उतरवलं. बातमी वाचून तेव्हा मी "बरं झालं" म्हटलं होतं. शिक्का असून गाडीत बसले म्हणजे काय! आता वाटतं, शिक्का दुसऱ्याने मारला की माणूस बाही खाली ओढतो. तिसऱ्या मजल्यावरची ती बाई स्वतःच्या हाताने स्केचपेन घेऊन बसली, त्याला पाटी म्हणावं की डहाळा, मला ठरवता येत नाही.

आणि लांब राहणं हीच सगळी रीत, असंही नाही. त्याच १८९७ मध्ये सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या एका प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घालून आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतच्या, दवाखान्यात आणलं, आणि १० मार्चला त्या स्वतः प्लेगने गेल्या. सगळ्यांनीच डहाळा बघून मागे फिरायचं ठरवलं असतं तर त्या मुलाला कोण आणणार होतं? याचा माझ्या खोकल्याशी काही संबंध नाही. आठवलं म्हणून लिहिलं.

तर माझा खोकला. रात्री ताप भरला. रविवारी आत्याचं सहस्रचंद्रदर्शन होतं. हॉल घेतलेला, होम, शंभर-सव्वाशे माणसं, त्यातली निम्मी पंच्याहत्तरीच्या पुढची. मी एकुलता भाचा. शनिवारी सकाळी गोळी घेतली तेव्हा ताप उतरला. मनात आलं, की रविवारी निघायच्या अर्धा तास आधी एक गोळी घेतली तर थर्मामीटरलाही कळणार नाही. अशी रविवारं मी आयुष्यात बरीच काढली आहेत. मग फोन उचलला.

"आत्या, मला ताप आहे गं."

"किती?"

"शंभर."

"शंभराला काय ताप म्हणतात? गोळी घे नि ये."

"अगं, तिथे सगळे वयस्कर..."

"म्हणजे आम्ही म्हातारे झालो, असंच ना?"

"तसं नाही. तूच सांगतेस ना, आजीने बाबांना नदीपलीकडे..."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मला वाटलं, जिंकलो.

"ती देवी होती," आत्या म्हणाली. "तुझं काय आहे?"

यावर मला काही बोलता आलं नाही. मी गेलो नाही. ८१ दिव्यांनी ओवाळतानाचा व्हिडिओ कॉल आतेबहिणीने लावून दिला, त्यात आत्याने कॅमेऱ्याकडे एकदाही पाहिलं नाही. माझा पारा मंगळवारी उतरला. तिचा अजून चढलेलाच आहे.

तिसऱ्या मजल्यावरची चिठ्ठी नवव्या दिवशी गेली, दारावर चिकटपट्टीचे चार चौकोन राहिलेत. टाक्याही धुऊन झाल्या. पहिल्या मजल्यावरच्या काकूंचा आवाज बसलाय, आणि दुसऱ्यावर दोन घरांत सर्दी झालीय. झालीय, असंच म्हणतात तेही. पेनाचं मी कुणाला बोललेलो नाही.